समेच्या आधी

कवळ्या बनवणाऱ्या बाईने कुणावर दात धरावा, यात नवल ते काय. तिच्या टेबलावर दिवसभर दुसऱ्यांचेच दात असत. गुलाबी मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, वरची ओळ खालच्या ओळीला नीट भेटते का ते बघायचं, नाहीतर बिचारा म्हातारा जेवताना स्वतःचाच गाल चावून घेतो. डेंटल लॅबमधल्या चौघींत तिचा हात सगळ्यात स्थिर, असं मालकही कबूल करायचा, आणि मालक फुकटचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता. तिचा स्वतःचा दात मात्र होता तिच्या भावावर. सख्ख्या, पाठच्या भावावर. आणि तो काही केल्या हलत नव्हता.

भाऊ मोठा माणूस. म्हणजे वयाने धाकटा, नावाने मोठा. रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी त्याचा संगीताचा कार्यक्रम असे. रॉक काय, फंक काय, कोण कुठल्या बँडमधून का फुटला, कुणाचा अंगठा कसा चालायचा, सगळं तो तुपासारख्या आवाजात सांगायचा. लोक त्याला ‘सर’ म्हणत. हा मान त्याला मिळाला तो एका रेकॉर्डमुळे. तरुणपणी त्याने एका रेकॉर्डवर बेस, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवला होता, एकाच. पण ती रेकॉर्ड सुरू व्हायची तीच एकट्या बेसच्या ओळीने, आणि ती ओळ ऐकली की मुडद्याचाही पाय हलावा अशी होती. पुढे मनगट दुखावलं म्हणून सरांनी वाजवणं सोडलं. त्यामुळे तर लोक जास्तच हळहळत.

ही सगळी शुद्ध थाप होती. मनगट ठणठणीत होतं. आणि ती ओळ त्याने वाजवलीच नव्हती. तिने वाजवली होती.

बँडमध्ये बेस तिच्याकडे होता. धाकट्याचं काम वायरी गुंडाळायचं, आणि कुणी पाणी मागितलं तर आणून द्यायचं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एका छापखान्याच्या वरची अंधारी खोली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. लाल दिवा लागला आणि तिची घाबरगुंडी उडाली. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या ठोक्यावर सुरू करायचं, ते ती अर्धा ठोका आधीच सुटली. ड्रमवाला जुना आणि खट, त्याने सम सोडली नाही. त्यामुळे झालं असं, की एकटा बेस ऐकणाऱ्याला पहिला सूर हीच सम वाटायची, आणि ड्रम आत आले की पायाखालची पायरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. पडता पडता माणूस सावरतो ना, तसं. ती थांबून माफी मागणार, तोच काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ओरडला, “थांबू नका. हेच ठेवायचं.” मग ड्रमवाल्याने पुढचे सगळे ठोके त्या अर्ध्या ठोक्याच्या फटींतच बसवले, ते सरळ समेवर सुटणाऱ्याला कधी जुळूच नयेत असे.

मग फोटोचा दिवस आला आणि हिला झालं गालगुंड. तोंड असं सुजलं की आरशानेही ओळख दिली नसती. जागा भरायला म्हणून धाकट्याच्या गळ्यात गिटार अडकवून त्याला उभं केलं. कव्हर छापून आलं, फोटोखाली नावं, आणि बेसखाली त्याचं नाव. ती तेव्हा हसली होती. पुढच्या रेकॉर्डला नीट करू म्हणाली. पुढची रेकॉर्ड झालीच नाही. गायिका लग्न करून दूर गेली, ड्रमवाला आजारपणात गेला, गिटारवाल्याने घड्याळांचं दुकान टाकलं आणि संगीताचं नाव टाकलं. बँड मोडल्यावर मात्र रेकॉर्ड चालायला लागली. एकदा रेडिओवर धाकट्याची मुलाखत होती. घरात सगळे कानात प्राण आणून बसलेले. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, “तो सुरुवातीचा बेस तुमचाच ना?”  मग तो म्हणाला, “हो. माझाच.”

वडिलांनी डोळे पुसले. आयुष्यात कुठल्या मुलाचं कौतुक केलं नव्हतं त्या माणसाने, तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

धाकटा घरी आल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, “ताई, पटकन निघून गेलं तोंडातून. आणि काय फरक पडतो? घरातच आहे ना नाव?” आई ओट्याशी उभी होती. ती पाठ न वळवता म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. आता वडिलांसमोर काही काढू नकोस.” तिने काढलं नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या पलंगाच्या वर भिंतीवर त्या कव्हराची तसबीर होती. तोवर बोलायची वेळ टळून गेली होती. आता बोललं असतं तर लोक म्हणाले असते, भावाचं चांगलं बघवत नाही बाईला.

तिला बघवत नव्हतंच. त्यात खोटं काय?

लॅबच्या मागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्डचं एक दुकान होतं. दुकानाच्या तळघरात एक मंडळ भरायचं. बेसवाल्यांचं मंडळ. जगात गिटारवाल्यांना देव मानणारे पुष्कळ, पण मागे उभं राहून इमारतीचा पाया धरणाऱ्यांना विचारतो कोण, म्हणून या दहावीस वेड्यांनी आपली वेगळी चूल मांडलेली. दुकानदार अध्यक्ष. जाडजूड, दम्याचा माणूस, त्याच्यापुढे एक लाकडी हातोडी. वर्षातून एकदा वाद व्हायचा: सर्वांत थोर बेसवादक कोण? दोघांनी आपापला माणूस मांडायचा, बाकीच्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. आणि एक रिवाज होता, जो मंडळाने जिवापाड जपलेला. हरणाऱ्याने जिंकलेल्या वादकाची ओळ तिथेच वाजवून दाखवायची. ड्रमसकट. तोंडाने बेस वाजवणारे फार झालेत, असं दुकानदाराचं म्हणणं. सबब चालत नसे. एका वर्षी एक पेंटर हात प्लास्टरमध्ये घेऊन आला होता, त्यालाही सोडलं नाही. त्याने गिटार मांडीवर आडवी घेऊन एका हाताने जमेल ते केलं आणि घामाघूम होऊन बसला.

ती दोन वर्षं त्या मंडळात शेवटच्या रांगेत बसत होती. कुणाची बहीण ते कुणाला माहीत नव्हतं. मग एक दिवस दुकानाच्या दाराला कागद लागला. यंदाच्या वादाला सर पाहुणे, सर एका बाजूने बोलणार, दुसऱ्या बाजूला ज्याची छाती असेल त्याने नाव द्यावं. तिने त्याच पावली आत जाऊन नाव दिलं.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “सरांच्या विरुद्ध? कुणाला मांडणार?”

“सरांना,” ती म्हणाली.

दुकानदाराला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला पंप ओढावा लागला. “बाई, ते स्वतःच्या विरुद्ध बोलणार आणि तुम्ही त्यांच्या बाजूने? असलं इथे आजवर झालं नाही.”

“मी त्यांची थोरली बहीण,” ती म्हणाली. “कौतुक करायचा हक्क आहे मला.”

दुकानदार विरघळला. गुपित ठेवायचं त्याने कबूल केलं. तिचा डाव सोपा होता. धाकट्याला हरभऱ्याच्या झाडावर इतकं उंच चढवायचं, की उतरायला वाटच उरू नये. तो हरला की स्वतःचीच म्हणून मिरवलेली ओळ त्याला वाजवावी लागेल. बोटं कुठे ठेवायची ते त्याला माहीत असणार, कान काही वाईट नव्हता त्याचा. पण ती ओळ समेच्या आधी सुटते हे रेकॉर्ड ऐकून कळत नाही, आणि ड्रमबरोबर तो कधीच वाजवायला बसला नव्हता. कुणासमोर बसणार? ड्रम आत आले की तो तोंडावर पडेल. मग ती उठेल आणि वाजवून दाखवेल. तिची जुनी गिटार लॅबच्या कपाटात प्लास्टरच्या गोण्यांमागे होती. सगळे गेले की ती अँप्लिफायर न लावता रोज वाजवायची. बोटं तशीच होती, उलट आणखी शहाणी झाली होती.

वादाच्या दुपारी तळघर भरलं. जिन्यावरही माणसं बसली. धाकटा पुढच्या खुर्चीत, करडा कोट, केस मागे वळवलेले, लोकांना हसून मान देत होता. ती आत आली तेव्हा तो उठून उभा राहिला.

“ताई? तू इकडे कुठे?”

“तुझ्याशी भांडायला,” ती म्हणाली. आजूबाजूचे हसले, तोही हसला.

आधी तो बोलला. त्याने जेमरसन या अमेरिकन बेसवाल्याला मांडलं. एकाच बोटाने वाजवणारा माणूस, घरोघरी गुणगुणल्या जाणाऱ्या गाण्यांचा पाया, आणि कितीतरी वर्षं कव्हरवर त्याचं नावच नाही. “विचार करा,” धाकटा म्हणाला आणि थांबला. रेडिओवरही तो असाच थांबायचा. “आपण वाजवलेलं साऱ्या जगाने ऐकावं, आणि आपलं नाव कुणालाच माहीत नसावं. त्या माणसाला रात्री झोप कशी लागत असेल?” त्याचा आवाज जरासा कापला. एका बाईने रुमाल काढला.

तिचं पित्त खवळलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तिची झोप उडवणारा माणूस झोपेवर प्रवचन देत होता. तिने कोपर खुर्चीच्या दांड्यावर घट्ट दाबून धरलं आणि स्वतःला बजावलं, थांब, आता थोडंच राहिलंय.

मग ती उठली. मंडळींना वाटलं बाई बुजेल. पण मनात इतकी वर्षं घोटलेलं बोलायला कसलं बुजायचं?

“जेमरसन थोरच,” ती म्हणाली. “लॅरी ग्रॅहम थोर. आईच्या बँडमध्ये ड्रमवाला उरला नाही, म्हणून गड्याने अंगठ्याने तारा ठोकून ड्रमचं काम भागवलं, आणि त्यातून सगळ्या फंकला अंगठा मिळाला. एन्टविसल थोर, बाकीचे स्टेजवर धिंगाणा घालत आणि हा खांबासारखा उभा, पण बोटं घोड्यासारखी. बूट्सीचं तर काय सांगू? त्याच्या म्होरक्याने त्याला एकच मंत्र दिला, सम धर, मग बाकी काय वाटेल ते कर. सगळं फंक त्या समेवर उभं आहे. पण त्या समेलाच चकवून, तरीही न पडलेला एकच बेस मी ऐकलाय. आणि तो वाजवणारा इथे पहिल्या रांगेत बसलाय. स्वतःला सोडून सगळ्यांचं कौतुक करतोय.”

तळघर दणाणलं. धाकटा लाल झाला. दोन्ही हातांनी “नको, नको” करू लागला. त्याने जितकं नको म्हटलं तितके लोक जास्त पेटले. ती बोलतच राहिली. त्या ओळीचा एकेक सूर तिने उलगडून दाखवला, फक्त पहिला कधी सुटतो एवढं सोडून. इतकं मन लावून स्वतःचं कौतुक करायला तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, दुसऱ्याच्या नावाने का होईना. दुकानदाराने हात वर करायला सांगितले आणि जेमरसनच्या वाट्याला दोन हात आले. त्यातला एक धाकट्याचा.

हातोडी आपटली. “सर हरले,” दुकानदार म्हणाला. “आणि सर जिंकले. आता रिवाज.”

“कसला रिवाज?” धाकट्याने विचारलं.

त्याला समजावून सांगितलं. त्याने मनगटाचं काढलं. त्याला पेंटरची गोष्ट सांगण्यात आली, पेंटरने स्वतः उठून सांगितली. कुणीतरी त्याच्या मांडीवर गिटार ठेवलीसुद्धा. ड्रममागे एक बस ड्रायव्हर येऊन बसला. आयुष्यभर गाडी उशिरा नेली तरी ठेक्याला मात्र घड्याळासारखा पक्का, आणि या रेकॉर्डचे ठोके तर तोंडपाठ, अशी त्याची ख्याती. धाकट्याने वर पाहिलं ते सरळ तिच्याकडे. त्याला कळलं. डॉक्टरने भूल न देता दात धरला की माणूस जसा बघतो तसा तो बघत होता. तिने नजर हलवली नाही.

ड्रायव्हरने काड्यांनी ठेका मोजला आणि धाकट्याने वाजवायला घेतलं. बोटं बरोबर जागी पडली. पहिले सूर निघाले आणि लोकांनी श्वास रोखले. मग ड्रायव्हर आत आला, आणि ओळ मोडली. धाकटा थांबला, पुन्हा सुरू केलं. त्याने पहिला सूर समेवरच ठेवला, छापील हिशेबासारखा, आणि ड्रम येताच ठेका एकीकडे, बेस दुसरीकडे. तिसऱ्यांदा तर सुरुवातच जमेना.

तिच्या छातीत असं काही हललं की तिला बसावंसं वाटलं. आनंदच होता तो. खोटं कशाला बोला.

तोच कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरा, मग सगळे. पेंटर उभा राहिला. “मनगट गेलेलं असताना माणूस नाही म्हणाला नाही,” तो म्हणाला. “याला म्हणतात छाती.” बघता बघता अख्खं तळघर उभं होतं. दुकानदार म्हणाला की गेलेल्या मनगटानेही आज इतकं वाजतं, म्हणजे तेव्हा काय असेल. ती थक्क झाली. माणूस तोंडावर पडला होता आणि लोक जमिनीला हार घालत होते.

धाकट्याने हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“मी ही ओळ वाजवलेली नाही,” तो म्हणाला. “रेकॉर्डवर ताई आहे. ही माझी ताई. त्या दिवशी मी वायरी गुंडाळत होतो.”

 मग पेंटरने मान हलवली. “केवढा मोठेपणा,” तो शेजारणीला म्हणाला. रुमालवाल्या बाईने पुन्हा रुमाल काढला. “बहिणीने कौतुक केलं म्हणून सगळं बहिणीच्या ओंजळीत टाकलं,” दुकानदार म्हणाला.

“अहो, खरं सांगतोय मी,” धाकटा म्हणाला. “मोठेपणा नाही हा. खोटं बोललो मी, इतकी वर्षं. झोप लागत नाही मला.” लोक मायेने हसले. तो तिच्याकडे वळला आणि गिटार पुढे केली. “ताई, तू वाजव. तू वाजवलंस की पटेल यांना. आणि मी सांगेन, सगळं सांगेन, बुधवारी रेडिओवर सांगेन, कसं झालं, का झालं, आणि आज मी तुझं नाव तुला कसं परत...”

तिने गिटार हातात घेतली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हलका झाला होता. एका वाक्याने त्याचं ओझं उतरलं होतं, आणि आवाजात ते रेडिओवरचं तूप परत आलं होतं. तिला पुढचं सगळं दिसलं. बुधवारची संध्याकाळ, त्याचं ते मधेच थांबणं, लोकांची पत्रं. बहिणीचं नाव परत देणारा भाऊ. चोरीचा मान त्याने खाल्ला होता, आता परतीचाही मान तोच खाणार. ओळ तिची, पण गोष्ट पुन्हा त्याचीच. आणि वरून तो शांत झोपणार.

ड्रायव्हर काड्यांनी पुन्हा ठेका मोजू लागला.  तिची बोटं आपोआप जागेवर गेली. फक्त अर्धा ठोका आधी सुटायचं, की झालं. आयुष्यभर तिला दुसरं काही नको होतं.

ती थांबली. सम आली, आणि तिने पहिला सूर नेमका समेवर ठेवला.

ड्रायव्हर आत आला. ओळ मोडली, जिथे त्याची मोडली होती अगदी तिथेच. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच पाडलं, तितक्याच नीट. आपल्या हातांनी आपलं नाव पुसताना कसं वाटतं ते तिला आत कळत होतं, आणि फार दुखत होतं. पण हात तिचा स्थिरच होता, मालक म्हणायचा तसा.

“राहू द्या ताई,” दुकानदार हळुवारपणे म्हणाला. “भावाची माया कळली आम्हाला.”

धाकटा हलला नाही. तळघरात तो एकटाच असा होता ज्याला माहीत होतं की तिने काय केलं. आता तो जन्मभर खरं सांगत फिरला असता तरी कुणी त्याचं ऐकणार नव्हतं. तिने गिटार त्याच्या मांडीवर परत ठेवली. त्याने तिचा हात धरला.

“ताई, का?” तो पुटपुटला. “तुझं होतं ते.”

“लोक उभे आहेत, सर,” ती म्हणाली. “उठा.”

तो उठला, आणि पुन्हा सुरू झालेल्या टाळ्या वाजत राहिल्या.